कुंपणापलीकडचं शेत

फाटकातून आत जाण्याआधी कुंपणावर हात ठेवून बघा. उभे फाडलेले लांब वासे एकावर एक तिरके रचत नागमोडी नेले आहेत. मध्ये खांब नाही, कुठे खिळा ठोकलेला नाही, सगळं केवळ स्वतःच्या वजनावर बसलेलं. या डोंगरांतले शेतकरी असं कुंपण घालायला सहसा चेस्टनटचं लाकूड घेत. पाचर मारली की ते सरळ फाटतं, उचलायला हलकं लागतं आणि वर्षानुवर्षं पावसात उभं राहूनही सहज कुजत नाही.

तुम्ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहात, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण टोकाला. चेरोकी गाव इथून तीन-चार किलोमीटर. शेजारून ओकोनालुफ्टी नदी वाहते आणि तिच्या काठची ही सपाट पट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मागचे डोंगर मात्र चढतच जातात, थेट २,०२५ मीटर उंचीच्या कुवोही शिखरापर्यंत. या उद्यानाला दर वर्षी एक कोटीहून जास्त भेटी होतात. त्यातले पुष्कळ लोक इथे पाय मोकळे करायला उतरतात, माउंटन फार्म म्युझियमच्या आवारात एक चक्कर मारतात, कोंबड्यांचे फोटो काढतात आणि पुढे निघतात. तुम्ही घाई करू नका.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. आज दिसतं तसं हे शेत कधीच नव्हतं. जुनी घरं मूळ जागेवरून हलवून एका आवारात मांडायची कल्पना आर्तुर हाझेलिउसनं स्टॉकहोमच्या स्कान्सेनमध्ये १८९१ साली प्रत्यक्षात आणली. इथेही १९५० च्या दशकात उद्यानातल्या निरनिराळ्या खोऱ्यांतून घर, कोठारं, लोहाराची भट्टी अशा वास्तू आणून नदीकाठी पुन्हा उभ्या केल्या. मूळची इथलीच अशी वास्तू एकच, तो मोठा गोठा, आणि तोही थोडा सरकवलेला. म्हणून ज्या कुटुंबाच्या अंगणात मी तुम्हाला नेतोय, ते कल्पनेतलं आहे. त्यांची कामं मात्र खरी आहेत. या डोंगरांत शेकडो घरांनी ती वर्षानुवर्षं केली.

चला. सन १९०५, ऑक्टोबर महिना, पहाट.

पहिल्यांदा नाहीसा होतो तो डांबरी रस्ता आणि त्याबरोबर गाड्यांचा आवाज. मग वाहनतळ, माहितीकेंद्र. कुरणात चरणारे एल्कही दिसेनासे होतात, याचं तुम्हाला नवल वाटेल. सांबराहून थोराड असं हे हरीण शिकारीमुळे या भागातून अठराव्या शतकाच्या अखेरीलाच संपलं होतं. आज पर्यटक ज्यांना बघायला गाड्या थांबवतात, ते २००१ पासून बाहेरून आणून सोडलेल्या कळपाचे वंशज. १९०५ मध्ये इथे कुरणाला जागाच नाही. नदीकाठची सपाट जमीन इतकी मोलाची, की तिच्यात मक्याशिवाय दुसरं काही लावणं कुणाला परवडत नाही. मक्याची ताटं आता वाळून पिवळी पडली आहेत, आणि त्यांच्या बुंध्यांतून लाल भोपळे डोकावतायत.

थंडी बोचते. धुराचा वास येतो. धूर कुठून येतोय ते बघत घराकडे या.

घर दोन मजली आहे, लाकडाच्या ओंडक्यांचं. हे १९०० च्या सुमारास जॉन डेव्हिस नावाच्या शेतकऱ्यानं इथून काही मैलांवर बांधलं. आपण ते थोड्या वेळासाठी मागून घेतलंय. भिंतीजवळ जा. ओंडके गोल नाहीत, रुंद फळ्यांसारखे सपाट आहेत, आणि कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत. आता समोरच्या भिंतीकडे बघा आणि गाठी जुळवा. डेव्हिसनं चेस्टनटचा एकेक ओंडका उभा चिरून त्याचे दोन भाग केले, एक भाग या भिंतीत घातला आणि त्याचा जोडीदार त्याच उंचीवर समोरच्या भिंतीत. त्यामुळे दोन्ही भिंती सारख्या जाडीच्या, सारख्या उताराच्या झाल्या. एकट्यानं घर बांधणाऱ्या माणसाला मोजमापाची ही किती साधी युक्ती! धुराड्यांचे दगड त्याच्या दोन थोरल्या मुलांनी गोळा केले, बैलांना जुंपलेल्या घसरगाडीवरून. एक मुलगा आठ वर्षांचा, दुसरा चार वर्षांचा.

धुराड्याच्या पायाशी ओणवे व्हा. तळाशी मोठे, वर लहान होत गेलेले नदीचे नि शेतातले दगड. त्यातला एखादा इतका लहान की तो चार वर्षांच्या पोरानंच उचलला असणार, असं वाटून जातं. या आवारातली सगळ्यात बोलकी वस्तू मला तरी तीच वाटते.

आत घरधनीण विस्तवापाशी बसली आहे. लोखंडी भांड्यात मक्याची भाकर भाजायला ठेवलीय, आणि वरूनही आच लागावी म्हणून झाकणावर निखारे ओढलेत. "बसा," ती म्हणते, कोण कुठले हे न विचारता. तुमच्या पुढ्यात भाकर, डुकराची चरबी घालून शिजवलेला घेवडा आणि ताक येतं. ताक थंडगार आहे. बर्फ कुठला असणार? झऱ्यावर एक छोटी खोली बांधलेली असते, तिच्यात वाहत्या पाण्याची दगडी पन्हळ. दुधालोण्याची मातीची भांडी त्या पाण्यात उभी करून ठेवायची. उन्हाळ्यातही डोंगरातला झरा गार असतो, तेवढ्यावर दूध टिकतं.

ओसरीत घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून टांगल्यात, कापलेल्या सफरचंदांच्या फोडी फळ्यांवर पसरल्यात. हे वाळवण मार्चपर्यंत पुरायचं. राखेलाही इथे काम आहे. अंगणात फळ्यांचं एक उभं, खाली निमुळतं होत गेलेलं खोकं दिसेल, ते चुलीतल्या राखेनं भरलंय. वरून पाणी ओतलं की खालून तपकिरी खार पाणी ठिबकतं. तेच चरबीत उकळून साबण करतात.

पण तुम्हाला आत बसून चालणार नाही, कारण पोरं बाहेर तुमची वाट बघतायत. रात्री वारा सुटला होता, आणि वारा सुटला की चेस्टनट पडतात. डुकरं आणि रानटर्की पोचायच्या आत झाडाखाली पोचायला हवं.

पोत्यांचे झोळे घेऊन तुम्ही त्यांच्यामागे चढायला लागता. कुंपण ओलांडलं की जंगल लगेच सुरू होतं. मोठमोठी झाडं, एकेक बुंधा असा की कवेत घ्यायला चार माणसं लागावीत. या डोंगरउतारांवर कित्येक ठिकाणी दर चार झाडांमागे एक चेस्टनट असे. जूनच्या अखेरीस ती फुलतात तेव्हा डोंगर पांढुरके दिसतात. आत्ता खाली पाचोळ्यात काटेरी बोंडांचा खच पडलाय. थोरली मुलगी बोंड टाचेखाली धरून फिरवते, ते उकलतं, आणि आत मखमली अस्तरात चपटी, चकचकीत तपकिरी फळं. ती तुमच्या तळहातावर ठेवते. टोकाशी बारीक पांढरी लव आहे. दातानं साल काढून बघा. कच्चंसुद्धा गोड लागतं, आणि दाताखाली ताज्या नारळाइतकं कुरकुरीत.

पोतं भरतं. यातलं थोडं घरी भाजून खातील, बाकी दुकानदाराकडे जाईल. दुकानदार ते गाडीनं शहराकडे पाठवतो. या कुटुंबाच्या हातात वर्षभरात रोख पैसा फार थोडा येतो. मका घरी लागतो, बटाटे घरी लागतात. कर भरायला, मीठ घ्यायला आणि थंडीच्या आधी पोरांच्या पायांत बूट घालायला जे पैसे लागतात, त्यातले बरेचसे या फुकट पडणाऱ्या फळांतून येतात.

वाटेत डुकरं भेटतात. ती मोकाटच असतात. कुणाचं डुक्कर कुठलं, हे कानाला पाडलेल्या खाचांवरून ओळखायचं. प्रत्येक घराची खाच वेगळी. वसंतात सोडलेली डुकरं शरदापर्यंत जंगलातली फळं खाऊन लठ्ठ होतात. मग शेवटचे काही आठवडे त्यांना खुराड्यात कोंडून मका चारतात, म्हणजे मांसाचा रानटी वास जातो. कडाक्याची थंडी पडली की कापायचं, मीठ चोळायचं आणि मांसघरात ठेवायचं. संग्रहालयात तुम्हाला ते मांसघर दिसेल, खुराडंही दिसेल. ज्या जंगलानं ती डुकरं पोसली, ते तिथे मांडता येण्यासारखं नाही.

हे शेत कुंपणाच्या आतल्या जमिनीवर जगतच नव्हतं, निदान तेवढ्यावर तरी नाही. घराचं लाकूड जंगलातलं, कुंपण जंगलातलं, मांस जंगलानं पोसलेलं, बूट जंगलानं घेऊन दिलेले. मधसुद्धा. परसात उभे केलेले ते पोकळ ओंडके बघा, वर फळीचं झाकण. ब्लॅक गम नावाच्या झाडाचं खोड आतून आपोआप पोकळ होतं. त्याचा तुकडा कापून आत आडव्या काड्या घातल्या की मधमाश्यांचं घर तयार. काड्यांना धरून माश्या पोळं बांधतात. सातबाऱ्यावर लिहिता येईल अशी जमीन या शेताची खरी मालमत्ता नव्हती. खरी मालमत्ता वर डोंगरावर उभी होती, आणि तिच्यावर कुणा एकाचं नाव नव्हतं.

तुम्हाला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, जी या मुलीला ठाऊक नाही. मागच्याच वर्षी, १९०४ मध्ये, इथून सुमारे हजार किलोमीटरवर न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडं विचित्र रीतीनं वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या चेस्टनटच्या रोपांबरोबर एक बुरशी आली होती. सालीला बारीकशी जखम असली तरी ती आत शिरते, सालीखालचा जिवंत थर मारत खोडाभोवती वेढा घालते, आणि वेढा पुरा झाला की वरचं सगळं झाड मरतं. तिचे बीजाणू वाऱ्यावर जातात, पक्ष्यांच्या पायांना आणि किड्यांना चिकटून जातात. तिच्यावर उपाय नाही. मुलगी पोतं खांद्यावर टाकून पुढे चालायला लागली आहे. सांगून तरी काय करणार?

खाली उतरा. आज गुऱ्हाळ आहे.

हो, गुऱ्हाळच, आणि तुम्हाला ते परकं वाटणार नाही. फक्त चरकात ऊस नाही, ज्वारीची धाटं आहेत. गोड ज्वारी. ती अमेरिकेत १८५० च्या दशकात आली आणि बघता बघता डोंगराळ भागातल्या घरोघरची साखर झाली, कारण ऊस इथल्या थंडीत तग धरत नाही. आपल्याकडे ज्वारीचं धाट गुरांपुढे टाकायचं हाच रिवाज. तरी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गोड ज्वारीवर अनेक वर्षं काम केलं, 'मधुरा' हे वाण काढलं आणि तिच्या रसाची काकवीही करून दाखवली. तेव्हा इथे जे शिजतंय त्याला काकवी म्हणायला काहीच हरकत नाही.

चरकाला एक लांब वाकडी दांडी आहे, तिच्या टोकाला खेचर जुंपलंय आणि ते गोल गोल फिरतंय. धाटं घालणारा माणूस खाली बसलाय. दांडी डोक्यावरून जाते तेव्हा तो न बघताच मान खाली घालतो, धाट सारतो, पुन्हा मान वर. लोखंडी लाटांमधून हिरवा रस गोणपाटातून गाळत पिंपात पडतो. तिथून तो दगडी भट्टीवरच्या लांब उथळ काहिलीत. गुळव्याचं काम इथेही म्हाताऱ्या जाणकाराकडेच असतं. तो काहिलीवरून डोळा हलवत नाही. हिरवी मळी वर आली की झाऱ्यानं काढून बाजूच्या खड्ड्यात फेकतो. रसाचा रंग पोपटीवरून पिवळा, पिवळ्यावरून मधासारखा होत जातो. आठ-दहा भांडी रस आटला की एक भांडं काकवी. मोठा बुडबुडा फुटायचा थांबून जाडसर, संथ उकळी येते, म्हातारा झारा उचलून धार बघतो आणि ओरडतो, "काढा!" पोरं धाटाच्या चोयट्यांनी काहिलीच्या कडा निपटून खातात, तुम्हालाही एक चोयटी मिळते. चव गुळाच्या काकवीपेक्षा थोडी उग्र, मागाहून किंचित तुरट.

काकवी डब्यांत भरेपर्यंत धाकट्या मुलाबरोबर गिरणीवर जाऊन या. नदीच्या वरच्या अंगाला अर्ध्या मैलावर मिंगस कुटुंबाची गिरणी आहे, १८८६ साली बांधलेली. तिला बाहेर फिरणारं मोठं चाक नाही, पाणी लाकडी पन्हळीतून येऊन खाली लोखंडी टर्बाइनवर पडतं. दळणाचे पैसे कुणी देत नाही, गिरणीवाला दाण्यातला ठरलेला वाटा काढून घेतो. जातं आजही तिथेच आहे.

गिरणीच्या वाटेवर एक चेरोकी शेतकरी भेटतो. त्याच्या खांद्यावरही मक्याचं पोतं आहे. त्याचं घर नदीच्या खालच्या अंगाला, तेही ओंडक्यांचंच, त्याच्याही ओसरीत घेवडा वाळतोय. किंबहुना मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची पद्धत त्याच्याच पूर्वजांची. या नदीकाठच्या जमिनीत गोऱ्यांचा पहिला नांगर चालण्याच्या कितीतरी आधीपासून चेरोकी मका पिकवत होते. १८३८ मध्ये अमेरिकेच्या लष्करानं चेरोकींना पकडून, छावण्यांत कोंडून, मिसिसिपीच्या पलीकडे हाकललं. वाटेत हजारोंनी माणसं मेली. ओकोनालुफ्टीकाठचे चेरोकी आधीच्या करारांमुळे वेगळे राहत होते, म्हणून ते मागे राहू शकले. डोंगरात लपलेले काही जण त्यांना येऊन मिळाले. विल्यम हॉलंड टॉमस हा गोरा व्यापारी लहानपणीच चेरोकी प्रमुख योनागुस्काच्या मायेत वाढला होता. चेरोकींना जमीन विकत घेऊ देत नसत, म्हणून ती त्यानं आपल्या नावावर घेतली. तीच आजची क्वाला बाउंडरी, संग्रहालयापासून चालत जाण्याइतकी जवळ. आज त्या वाटेवर नदीच्या कडेनं चेरोकी लिपीतल्या पाट्या आहेत.

पहिल्या कुंपणाच्या आधी इथे जे होतं, त्याचा संग्रहालयाच्या आवारात फारसा माग लागत नाही. मला हे खटकतं. मका कुणाचा, हे मक्याच्या कोठाराशेजारीच लिहिलेलं हवं.

संध्याकाळी गोठ्यात शेजारीपाजारी जमतात. हा गोठा एन्लो कुटुंबाचा. खाली जनावरं, वर गवताचा माळा आणि हातानं फोडलेल्या हजारो लाकडी पट्ट्यांचं छप्पर. मधोमध कणसांचा ढीग घातलाय, कंदील टांगलाय आणि सोलणी सुरू आहे. कुणाला लाल दाण्यांचं कणीस सापडलं तर त्याला आवडत्या मुलीचा मुका घ्यायची मुभा, म्हणून तरुण पोरांचे हात जास्त भराभर चालतात. आवाज ऐका: सोलपटं फाटल्याचा खसखस, हसणं, कुणीतरी लावलेलं फिडल. उद्या हीच माणसं दुसऱ्याच्या गोठ्यात जातील.

आता वेगानं पुढे या.

१९०८ मध्ये पूर्वेकडच्या कँटन गावात कागदाच्या लगद्याचा मोठा कारखाना सुरू होतो. त्यासाठी रुळ डोंगरांत घुसतात. ओकोनालुफ्टीच्या वरच्या खोऱ्यात स्मोकमाँटला लाकूडतोड्यांची वसाहत उभी राहते. पोरांच्या हातात पहिल्यांदा दर आठवड्याचा पगार येतो, आणि जंगल बोडकं होत जातं. चिरलेल्या फळ्यांची, रंग दिलेली घरं बांधली जातात, ओंडक्यांची घरं कोठारं होतात.

१९२० च्या दशकात बुरशी या डोंगरांत पोचते. ज्या झाडाखाली तुम्ही बोंडं वेचली तिथे उभे राहा. सालीवर नारिंगी ठिपके, फांद्यांची टोकं वाळलेली. दोन-तीन उन्हाळ्यांत झाड संपतं. १९४० पर्यंत उतारच्या उतार राखाडी, सालं गळालेल्या उभ्या सांगाड्यांनी भरतात. सगळ्या पूर्व अमेरिकेत मिळून मेलेल्या चेस्टनटांचा अंदाज तीन-चारशे कोटी झाडांचा आहे. डुकरांना रानात खायला उरत नाही, दुकानदाराकडे न्यायला पोत्यात काही नसतं. डोंगरातल्या गरीब घराचा पाया असा दहा-पंधरा वर्षांत निघून गेला.

आणि याच वर्षांत नकाशे घेतलेली माणसं फाटकाशी येतात. १९२६ च्या कायद्यानं इथे राष्ट्रीय उद्यान करायचं ठरलेलं असतं. पश्चिमेकडची उद्यानं सरकारी जमिनीवर झाली, इथे मात्र प्रत्येक तुकडा विकत घ्यायचा होता. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी ही राज्यं ते काम अंगावर घेतात, शाळकरी मुलं नाणी जमवतात, जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर आईच्या स्मरणार्थ ५० लाख डॉलर देतो. बहुतेक जमीन १८ लाकूड कंपन्यांकडे होती, पण उरलेल्या तुकड्यांत सुमारे १,२०० शेतं होती. कंपन्या वकील लावून भाव करतात. शेतकऱ्याला सांगितलं जातं की विका, नाहीतर न्यायालयातून जमीन घेतली जाईल. काही म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहायची परवानगी मिळते. १५ जून १९३४ रोजी उद्यान स्थापन होतं, आणि २ सप्टेंबर १९४० रोजी न्यूफाउंड गॅपच्या खिंडीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्याचं लोकार्पण करतात.

उद्यान झालं नसतं तर उरलेलं जंगलही करवतीखाली गेलं असतं, यात मला शंका वाटत नाही. आज इथे जी घनदाट सावली आहे, ती त्या निर्णयामुळे आहे. पण तिची किंमत ज्यांनी जंगल तोडून पैसा केला त्यांनी मोजली नाही, त्यांना मोबदला मिळाला. किंमत मोजली चार वर्षांच्या मुलाकडून दगड वेचून घेणाऱ्या घरांनी, आणि तीही चेस्टनट मरत असताना, मंदीच्या वर्षांत, बँका बुडत असताना.

घरं रिकामी झाली. अनेक जाळली, पाडली. शेजारच्या टेनेसीतल्या केड्स कोव्ह खोऱ्यात रंगवलेली, फळ्यांची, काचेच्या मोठ्या खिडक्यांची नवी घरं काढून टाकली आणि ओंडक्यांची जुनी घरं ठेवली, कारण पाहुण्यांना आद्य वसाहतकारांचं चित्र बघायचं होतं. त्यामुळे १९३० मध्ये जे शेतकरी रेडिओ ऐकत होते, मोटार चालवत होते, ते संग्रहालयात त्यांच्या आजोबांसारखे दिसतात. जुन्या वस्तू जपताना हा मोह सगळीकडेच होतो. आपल्याकडचे वाडे आणि 'ग्रामसंस्कृती'ची प्रदर्शनं बघतानाही हे मनात ठेवावं.

१९५० च्या दशकात या. वास्तू एकेक करून येतात, एखादी टेनेसीच्या बाजूनं, एखादी पूर्वेकडच्या लिटल कॅटलूचीहून. तिकडचं सफरचंदघर तुम्हाला आवर्जून दाखवायचं होतं. अर्धं जमिनीत, जाड दगडी भिंती, वर लाकडी मजला. उन्हाळी सफरचंदं वर, हिवाळी खाली, म्हणजे गोठणार नाहीत आणि उन्हाळ्यात तापणार नाहीत. आत वाकून जा आणि दगडाला हात लावा. भर दुपारीही गार लागतो. लिटल कॅटलूचीत सफरचंदांवर घरं वर आली होती. त्या बागांतली काही झाडं अजून तिकडे रानात उभी आहेत.

बाहेर, आजच्या दिवशी, चेस्टनट पूर्ण मेलेला नाही. बुरशी मुळांपर्यंत जात नाही, मातीतले इतर जीव तिला रोखतात. म्हणून जुन्या मुळांतून धुमारे फुटत राहतात. मनगटाएवढे झाले, सालीला भेगा पडल्या, की बुरशी त्यांना गाठते, आणि फळं धरायच्या आतच बहुतेक धुमारे जातात. वाटेनं चालताना लांबट, करवतीसारख्या दातांची पानं दिसली तर थांबून नीट बघा. १९८३ पासून द अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन रोग सोसणाऱ्या चिनी जातीशी संकर करून हे झाड परत आणायच्या खटपटीत आहे. ज्यांनी हे काम सुरू केलं त्यांतल्या अनेकांना ठाऊक होतं की मोठं झालेलं जंगल आपल्या डोळ्यांना दिसणार नाही.

आणि वेळ असेल तर कॅटलूचीच्या बाजूला जाऊन या, शक्यतो तिथला वार्षिक मेळा असेल तेव्हा. लिटल कॅटलूचीचं पांढरं बॅप्टिस्ट चर्च १८८९ चं, ते मूळ जागीच उभं आहे, आणि गाडीरस्ता संपल्यावर काही मैल चालावं लागतं. जमिनी सोडून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे दर वर्षी जमतात. आधी थडग्यांभोवतीचं गवत काढतात, फुलं ठेवतात, प्रार्थना होते, आणि मग झाडाखाली लांब टेबलं लागतात. घरोघरून आणलेली भांडी उघडली जातात, मक्याची भाकर, घेवडा, सफरचंदाचा केक. तुम्ही नवखे आहात हे दिसताच कुणीतरी ताट पुढे करतं आणि विचारतं, तुम्ही कुणाकडचे? समोरचा म्हातारा केकचा तुकडा उचलून सांगायला लागतो की त्याच्या आजोबांची बाग ओढ्याच्या पलीकडे होती, त्यातलं कुठलं झाड कुठे होतं आणि कुठल्या झाडाचं सफरचंद मार्चपर्यंत टिकायचं. शेजारची बाई त्याला मध्येच तोडते, ते झाड तुमच्याकडे नव्हतंच, आमच्या बांधावर होतं. मग दोघं बराच वेळ त्यावर भांडत बसतात.